आजोबांचा डावा डोळा आणि माझा 'हाई'

मला दुसऱ्यांचे आवाज काढायची खोड आहे. बार्शीच्या शाळेत हेडसरांचा आवाज काढून मी एकदा अख्खा वर्ग अर्धा तास आधी घरी सोडला होता. प्रसाद मिळाला, खोड गेली नाही. आता सिंगापूरला, क्लेमेंटी भागात, डोळ्यांच्या एका छोट्या दवाखान्यात नजर तपासायचं काम करतो. इथे वर्षानुवर्षं राहिलेले जपानी आजी-आजोबा आमच्याकडे बरेच येतात. त्यांना तक्ता लागतो तो त्यांच्या सवयीचा, तुटक्या कड्यांचा. कडं कुठल्या बाजूला तुटलंय ते सांगायचं. उए म्हणजे वर, शिता खाली, मिगी उजवीकडे, हिदारी डावीकडे. एवढे चार शब्द मी टोकियोत जन्मल्यासारखे बोलतो. पाचवा शब्द 'हाई', म्हणजे 'हं, पुढे.' त्या पाचव्यानंच घात केला.

माझे लाडके पेशंट म्हणजे ऐंशी पार केलेले एक जपानी आजोबा. जन्मभर इथल्याच क्वीन्सटाउन भागात लोकांचे केस कापले, आता गिऱ्हाईक एकच, ते म्हणजे आजी. आजोबांच्या उजव्या डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग साठीतच बिघडला होता. आमच्या डॉक्टर मॅडम सांगतात, जपानी पेशंटमध्ये रक्तवाहिनीला बारीक फुगे येतात तो प्रकार बराच दिसतो, आणि तो त्यातल्या त्यात कमी वयात येतो. इंजेक्शनं घेतली, नजर टिकली. आजोबांना त्याचा कोण अभिमान! "मला तरुणांचा प्रकार झालाय," असं वेटिंगमधल्या अनोळखी लोकांनाही सांगायचे.

मॅडमना काळजी होती डाव्या डोळ्याची. "या वयात दुसराच प्रकार येऊ शकतो. तो उशिरा येतो आणि नजर भराभर उतरवतो. दर महिन्याला येत जा."

"तो म्हाताऱ्यांना होतो," आजोबा म्हणायचे.

आमची रीत अशी, की नजर दोन ओळी उतरली तर त्याच दिवशी स्कॅन, नाहीतर स्कॅन ठरलेल्या महिन्यात. आजोबांचा डावा डोळा सलग दोन महिने झकास निघाला. तिसऱ्या महिन्यात आजी आल्या त्या कपाळावरचे केस तिरके कापलेले. डावीकडे भुवईला टेकलेले, उजवीकडे अर्धं कपाळ उघडं.

"काय भारी कट आहे आजी! एकदम फॅशन!"

"फॅशन कसली? यांना विचार. म्हणतात सरळच आहे."

आजोबा छताकडे बघत होते.

मी फाईल आणायला आत गेलो आणि बाहेरून माझाच आवाज ऐकू आला. दारातून बघतो तर आजोबा आजींना माझी नक्कल करून दाखवतायत! "बरोबर आलं की पोरगं म्हणतं, हाऽऽई!" मान वर, सूर वर. "चुकलं की, हाई." सूर एकदम खाली, चेहरा पडलेला. "मग मी लगेच दुसरी बाजू सांगतो."

आजी हसून हसून वाकल्या. मीही हसलो. जन्मात पहिल्यांदा कुणी माझी नक्कल केली होती, आणि फर्स्टक्लास केली होती. मग ध्यानात आलं. दोन महिने आजोबांनी कडी बघितलीच नव्हती, माझा गळा ऐकला होता. त्यात ते केस तिरके! सरळ रेघ वाकडी दिसायला लागणं म्हणजे पडदा बिघडतोय, हे आमच्याकडे झाडूवाल्यालाही माहीत आहे.

आता कुणीही 'हाई' म्हणाला तरी आजोबा सूर पकडणार. सुख-दुःख काहीच नसलेला आवाज कुठून आणायचा? तो मी रोज सकाळी ऐकतो! आजोबांना खुर्चीत बसवलं आणि एमआरटीत, म्हणजे इथल्या मेट्रोत, घोषणा करणाऱ्या बाईंचा आवाज लावला. दार बंद होतंय सांगताना जसा, तसाच प्रत्येक कड्याला. "नेक्स्ट. प्लीज." बरोबरला तोच सूर, चुकीला तोच.

आजोबा आधी खुदकन हसले. मग थांबले. मग कान टवकारून बसले. "मिगी?"

"नेक्स्ट. प्लीज."

"मिगी... नाही, शिता?"

"पहिलं उत्तर धरलंय. नेक्स्ट. प्लीज."

नजर चार ओळी उतरलेली निघाली. मी तसाच मॅडमकडे गेलो आणि सगळं सांगून टाकलं, माझ्या 'हाई'सकट. मॅडम म्हणाल्या, "आधी यांचं स्कॅन. मग तुझ्याकडे बघते." स्कॅनमध्ये पडद्याखाली पाणी दिसलं. तोच उशिरा येणारा प्रकार. मॅडम म्हणाल्या, अजून फार उशीर झालेला नाही, आणि पहिलं इंजेक्शन त्याच दुपारी दिलं.

"असं का केलंत?" मी विचारलं.

"कळलं असतं तर हिनं कात्री लपवली असती," आजोबा हळूच म्हणाले. मग, "आणि बरोबर आलं की तुला किती आनंद व्हायचा रे!"

मॅडमनी नंतर माझ्याकडे बघितलं. ते इथे लिहीत नाही. आता मी सगळ्यांनाच एमआरटीच्या आवाजात तपासतो. एक काका मध्येच इथल्या लकबीत म्हणाले, पुढचं स्टेशन कुठलं लाह?

तीन इंजेक्शनांनंतर आजोबांनी दोन ओळी परत मिळवल्या. सगळ्या नाही मिळाल्या. त्या दिवशी तपासणी संपल्यावर मी आधी बाहेर जाऊन आजींचं कपाळ बघितलं. केस सरळ होते. टोकाला जरासे वर गेलेले, पण सरळ.

"हाऽऽई!" माझ्या तोंडून निघालंच.

आतून आजोबा ओरडले, "बरोबर आलं ना?"