उंचीनुसार लावलेली पुस्तकं

रबराचा तो वास अजून नाकात आहे — जळकट, उग्र, कपड्यांत मुरून बसणारा... थेरगावातल्या आमच्या एका खोलीच्या उंबऱ्यात सकाळचं कोवळं ऊन यायचं, आणि त्या उन्हात परात मध्ये ठेवून आई आणि मी मोटारीच्या काळ्या रबरी रिंगांच्या कडेला राहिलेला पातळ पापुद्रा कात्रीनं कापून काढायचो. चाकणकडच्या कुठल्याशा वर्कशॉपातून पोती यायची, कापून झाली की परत जायची. सारी चाळच हे काम करायची आणि साऱ्या चाळीचे हात काळे असायचे. काथ्यानं घासा, रॉकेलनं पुसा, नखांच्या कडांतली काजळी काही हटत नसे.

"ही बारकी रिंग गाडीत कुठं बसती गं?" आईनं एकदा विचारलं. ती जालन्याकडची, शाळेत कधी न गेलेली. "तुमच्या शाळंत लई पुस्तकं हायत म्हणं. बघ की एखाद्यात." आईनं माझ्याकडे मागितलेली ही पहिली गोष्ट होती.

शाळेच्या ग्रंथालयात माहितीच्या पुस्तकांचं एक काचेचं कपाट होतं आणि त्याची किल्ली ग्रंथपालबाईंच्या कमरेला. आतली पुस्तकं उंचीनुसार लावलेली — डावीकडे उंच, मग उतरत उतरत बुटकी; तपासणीला साहेब आले की ओळ देखणी दिसावी म्हणून. ग्रहताऱ्यांशेजारी गांडुळं, गांडुळांशेजारी किल्ले... आणि मधोमध, पाठीवर इवलीशी मोटार छापलेलं एक जाड पुस्तक.

मी ते मागितलं. "हात दाखव," बाई म्हणाल्या. मी दाखवले. त्या रागावल्या नाहीत. नुसतं एक फाटकं गोष्टीचं पुस्तक पुढे सरकवलं. "तुला हे चालेल. ती पुस्तकं खराब होतात." चौथीत मागितलं, पाचवीत मागितलं, सहावीत मागायचं सोडून दिलं, आणि आईनंही विचारायचं सोडलं. तेव्हापासून मी बाईंवर डूख धरून आहे, आणि हे सांगताना मला जराही लाज वाटत नाही.

मुलांची ग्रंथालयं लावून देणं हे आता माझं काम. गेल्या उन्हाळ्यात त्याच शाळेनं बोलावलं — माहितीची पुस्तकं नीट लावून द्या म्हणाले. पहिल्याच दिवशी मी शिपाईमामांकडून पेचकस मागून घेतला आणि कपाटाची दारं स्वतः उतरवली. गंजलेला एकेक स्क्रू कुरकुरत निघत होता आणि ती कुरकुर मला फार गोड वाटत होती. भंगाराच्या टेम्पोत दारं चढेपर्यंत मी फाटकातून हलले नाही. मग सगळी पुस्तकं जमिनीवर पसरली आणि मुलं जे विचारतात त्याप्रमाणे लावली : पोटात काय असतं, गाडी कशी चालते, मुंगी कुठं राहते... दुसरीतल्या पोराचा हात पोचेल एवढ्याच उंचीवर. ओळ अगदी वेडीवाकडी दिसू लागली.

उद्घाटनाला बाईंना आग्रहानं बोलावलं. सांगवीहून रिक्षानं आल्या, काठी टेकत, पार थकलेल्या. त्यांच्या डोळ्यांदेखत मुलांनी पुस्तकं ओढून काढली; कुणाच्या बोटांना चिक्कीचा गूळ, कुणाच्या मैदानावरची माती.

"माझ्या वेळी एक पान फाटलं नव्हतं गं," बाई कासावीस होऊन म्हणाल्या.

"उघडलं कुणी होतं, बाई?"

त्यांचा चेहरा उतरला आणि मला मनापासून बरं वाटलं. रिक्षापर्यंत धरून नेताना मात्र त्यांचं मनगट इतकं हलकं लागलं, की झालं गेलं सोडून द्यावं, असं क्षणभर वाटून गेलं.

मोटारीचं पुस्तक मी त्या संध्याकाळी घरी नेलं. पानं एकमेकांना चिकटलेली. सुरीनं अलगद सोडवत गेले... आणि सापडली. ब्रेकच्या नळकांड्यात, बाणानं दाखवलेली, तेल गळू नये म्हणून बसवलेली.

आई खाटेवर बसली होती. मोतीबिंदूनं तिला आता सगळं धुरकट दिसतं, म्हणून तिचं वाकडं झालेलं बोट धरून मी चित्रावर ठेवलं. "आई, ही बघ तुझी रिंग. ब्रेकमध्ये बसते. हिच्यामुळे गाडी थांबते."

तिनं बोट काढून घेतलं. "आसंल," ती म्हणाली. "आता मला काय करायचंय त्याचं?" आणि भिंतीकडे तोंड करून आडवी झाली.

मी पुस्तक मिटलं. रिक्षाजवळ बाईंना क्षणभर जे माफ केलं होतं, ते आईच्या खाटेशीच परत घेतलं.