डॉक्टर टोकेकर आणि मानेतली शीर

डॉक्टर टोकेकर बोलताना माणसाच्या चेहऱ्याकडे बघत नसत, मानेकडे बघत. डोकं किंचित कलतं करून, चष्म्यावरून. अन्नपूर्णा मंदिराजवळच्या त्यांच्या दवाखान्यात पहिल्यांदा गेलेल्या बायका हमखास पदर सारखा करायच्या. डॉक्टर नजरेनेच मंगळसूत्राचं वजन करतात, अशी आमच्या कॉलनीत बोलवा होती.

"चेहरा तर सगळ्यांचा ठीकच असतो, भिया. गर्दन दाखवा," ते म्हणायचे. भिया म्हणजे भैया; लहानथोर, बाईमाणूस, सगळे त्यांचे भियाच. मग पेशंटला टेबलावर अर्धवट टेकवायचं, मान जरा डावीकडे वळवायला लावायची आणि शाळेतली प्लॅस्टिकची पट्टी घेऊन उजव्या बाजूच्या शिरेची उंची मोजायची. ती पट्टी पाहून नवे पेशंट हिरमुसायचे. मीही त्यातलीच.

मी दर रविवारी सकाळी कॉलनीतल्या मराठी मंडळाच्या सभागृहात मुलांना मराठी शिकवायची. 'मी किताब ढूंढून आणतो' म्हणणारी, हिंदी मुलखात वाढलेली दहा-बारा मुलं. त्यांच्यावर माझा फार जीव. एक दिवस मंडळाचे अध्यक्ष दातेसाहेब यांनी परस्पर ठरवलं की रविवारची वेळ योगवर्गाला द्यायची. सभेत मत मांडायला मला पाच मिनिटं मिळणार होती. माझं डोकं असं फिरलं होतं की आदल्या संध्याकाळी मी डॉक्टरांकडे ब्लडप्रेशर तपासायला गेले, आणि तिथेच सगळं बोलून टाकलं. दात्यांचा एकुलता मुलगा परदेशात असतो, बापाशी बोलत नाही, आईच्या तेराव्यालासुद्धा आला नाही. माझं वाक्य तयार होतं: ज्यांच्या घरात पोटचा मुलगा बोलत नाही, त्यांनी मराठीचं काय करायचं ते आम्हाला सांगू नये.

"आमच्या ऑफिसात याला गो फॉर द जग्युलर म्हणतात, काका. एकच घाव, पण मर्मावर."

"मतलब माहीत आहे मला. हे आलं कुठून, ते सांग."

मी खांदे उडवले. डॉक्टरांना तेवढंच हवं होतं. "लांडगा असो की बिबट्या, शिकारीवर समोरून जाईल तर शिंगं, मागून जाईल तर लाथा. मान मात्र उघडी. वरून हाड नाही, काही नाही. तिथे दात रुतला की खेळ खतम. इंग्रजांनी ते जनावराकडून उचललं आणि वकील, साहेब, पुढारी यांच्या तोंडी दिलं." मग त्यांनी मला टेबलावर टेकवलं आणि हातात आरसा दिला. "बघ. ती ठोके देते ती शेजारची धमनी. तिच्या बाजूला हलकेच थरथरते ना, ती ही जग्युलर. थकलेलं रक्त हिच्यातून हृदयाकडे घरी परततं. हृदय दमलं की त्याला रक्त आत घेणं झेपत नाही, मग ही फुगून वर चढते. मी चाळीस वर्षं हिच्याकडे बघतोय, भिया. आणि जनावराला तर भूक लागलेली असते. तुला कसली लागली आहे?"

मला राग आला. मी मुलांसाठी भांडत होते आणि हे मला लांडग्यांच्या गोष्टी सांगत होते. वाक्य काही मी बदललं नाही.

दुसऱ्या दिवशी सभेत मी उठले. दातेसाहेब समोरच ताठ बसले होते. मी मुलांबद्दल चार शब्द बोलले आणि ते वाक्य ओठांवर आलं. त्याच क्षणी, डॉक्टरांची लागलेली खोड म्हणा, माझी नजर दात्यांच्या कॉलरकडे गेली. उजवीकडची शीर कानाच्या पाळीपर्यंत टरारून फुगली होती. ताठ बसलेल्या माणसाची ती दिसूसुद्धा नये.

मी म्हटलं, "दातेकाका, तुम्हाला धाप लागते का?"

"आता माझी तब्येतपण अजेंड्यावर आहे काय?" ते चिडून म्हणाले. मग जरा थांबून, खालच्या आवाजात, "रात्री तीन-तीन उशा लागतात."

मी खाली बसले. मतदानात वर्ग हरला. सभा संपल्याबरोबर मी दात्यांना जवळजवळ ओढतच टोकेकरांकडे नेलं. डॉक्टरांनी पट्टी न काढताच त्यांना हॉस्पिटलात धाडलं. आमचा वर्ग पुढच्या रविवारपासून दवाखान्याच्या बाकांवर भरू लागला.

दोन वर्षांनी, वर्ग चालू असताना, डॉक्टर फळ्यावर खडूने काहीतरी लिहीत होते आणि मला त्यांच्या मानेतली शीर दिसली. मी बाहेर बोलावून सांगितलं. ते हसले. "मी रोज दाढी करताना बघतो, भिया. तुला दिसली, म्हणजे तू शिकलीस." औषधं चालू होती, पण हृदय फार थकलं होतं. त्या पावसाळ्यात ते गेले. माझे वडील गेले तेव्हा मी इतकी रडले नव्हते.

शोकसभा मंडळाच्याच सभागृहात झाली. दातेसाहेब काठी टेकत माझ्या शेजारी येऊन बसले.

"एक विचारायचं राहून गेलं," ते म्हणाले. "त्या दिवशी तू काहीतरी बोलायला उठली होतीस. धाप लागते का, हे तर नक्कीच नव्हतं. काय होतं?"

मी त्यांच्या मानेकडे पाहिलं. शीर दिसतसुद्धा नव्हती.

"विसरले, काका," मी म्हटलं.