गिटारसमोर माईक कुठे ठेवायचा?

सत्तरच्या दशकातली गोष्ट. सोलापूरला आमच्या घरी त्या दिवशी सकाळचा चहा झाल्यावर स्टोव्ह पेटवायला सक्त मनाई होती... कारण माझ्या गिटारचं रेकॉर्डिंग होतं!

झालं असं, की मुलाचे आईवडील मला बघून गेले होते. मुलगा नागपूरला नोकरीला, त्याला रजा मिळेना. 'गाता येतं का?' या प्रश्नावर मी नाही म्हणून मान हलवली आणि कोपऱ्यातल्या हवाईन गिटारकडे बोट दाखवलं. मग ठरलं, की टेप करून पाठवा, मुलगा ऐकेल.

मी हसले खरी, पण नजर गिटारवरच होती. लग्नानंतर मैत्रिणींच्या पेट्या, सतारी माळ्यावर गेलेल्या मी बघितल्या होत्या. माझ्या गिटारचं काय होणार, हे विचारायची सोय नव्हती... प्रश्न विचारायचे ते त्यांनी, मुलीनं नाही.

दादानं मित्राचा कॅसेट रेकॉर्डर आणला, सोबत वायरचा छोटा माईक. मागच्या गल्लीतले यंत्रमाग बंद असतात म्हणून सुट्टीचा दिवस धरला. नाहीतर सगळ्या गाण्यांना एकच ठेका मिळाला असता.

पहिल्यांदा त्यानं माईक थेट गिटारच्या भोकाशी धरला. ऐकतो तर काय, नुसता घूं घूं आवाज... घागरीत तोंड घालून कुणी गातंय असं वाटलं. मग टेबलावर ठेवला, तर रेकॉर्डरची घरघर माझ्यापेक्षा जोरात. लांब ठेवला, तर रस्त्यावरच्या सायकलच्या घंट्या!

दादाचं डोकं फिरलं, माझे हात दुखायला लागले. शेवटी आम्ही सगळा पसारा मधल्या खोलीत, स्वयंपाकघराच्या दाराजवळ हलवला. स्टुलावर चादरीची घडी, तिच्यावर माईक, गिटारपासून हातभर लांब आणि जरासा तिरका. रेकॉर्डर पार दुसऱ्या टोकाला.

आत आई आणि मावशी गहू निवडत बसल्या होत्या. "आता हूं की चूं करायचं नाही," असा दम देऊन दादानं बटण दाबलं. मग टेप लावून ऐकली, आणि काय सांगू... माझीच गिटार मला पहिल्यांदा एवढी गोड ऐकू आली.

पण शेवटच्या गाण्यात, सूर लांबवून मी क्षणभर थांबते तिथे, आईचा हळू आवाज आला होता. "लगीन झाल्यावर हिला वाजवू देतील का गं?" त्यावर मावशी, "संसारात कुटं येळ मिळतोय बाई..."

आई लाजेनं लालेलाल! "पूस ते आधी. काय म्हणतील लोकं?" पण मुलाचे काका दुपारच्या गाडीनं नागपूरला निघणार होते, कॅसेट त्यांच्याबरोबर द्यायची होती. दादा म्हणाला, शेवटचं गाणं तेवढं पुसून टाकू.

मी नाही म्हणाले. का, ते त्यांना सांगितलं नाही. मला जे विचारता येत नव्हतं, ते आईनं विचारलं होतं... ते पुसायला माझा हात होईना.

पुढे बरेच दिवस काहीच निरोप नाही. आईनं धसकाच घेतला, आपल्यामुळे स्थळ गेलं म्हणून. मीही वरून बेफिकीर, आतून रडवेली.

आणि एक दिवस रजा काढून मुलगा स्वतःच आला. पोहे झाले, इकडच्या तिकडच्या गप्पा झाल्या, माझ्याकडे त्यानं धड बघितलंही नाही. निघताना मात्र तो आईकडे वळला. "काकू, टेपमध्ये तुम्ही विचारलं होतं, वाजवू देतील का म्हणून. गिटार तिची आहे. देणारा मी कोण?"

आई पदर तोंडाला लावून आत गेली.

तेच आमचे हे. लग्नानंतर नागपूरच्या दोन खोल्यांत माळा नव्हताच, आणि असता तरी माझी गिटार तिथे गेली नसती. आजही संध्याकाळी मी वाजवायला बसले की हे टीव्हीचा आवाज बंद करतात... क्रिकेट असलं तरी!

आई जाऊन खूप वर्षं झाली. तिच्या त्या एका प्रश्नावर माझं अख्खं आयुष्य सुरात गेलं, आणि तिला मात्र शेवटपर्यंत वाटत राहिलं की तिनं माझं रेकॉर्डिंग बिघडवलं.