गाळलेला मामा

रिसोडात भागवत सरांची इंग्रजीची शिकवणी आहे. तिथला पहिला धडा आमच्या अख्ख्या पिढीला पाठ आहे. ‘गोपाल हॅज अ बुल. द बुल इज ब्लॅक.’ एवढं फळ्यावर लिहायचं आणि सर डस्टरनं दुसरा बैल पुसून टाकायचे. उरायचं ‘गोपाल हॅज अ ब्लॅक बुल.’ एकच बैल दोनदा बांधणाऱ्याचे मार्क कापले जात.

सरांनी हा नियम घरातही लावला. त्यांच्या पत्नी शीलाताई ‘जेवता का, ताट करू का’ असं विचारायच्या, तर दोन्हींचा अर्थ एकच, एकदाच विचारत जा, असं सर बजावायचे. ती माउली मग नुसतंच ताट ठेवू लागली.

लेकीचं, सपनाचं लग्न ठरलं आणि पत्रिका तपासायला सरांकडे आली. आजोळची माणसं, काका, आत्या, सगळे नातेवाईकच ना, मग एकेकाचं नाव कशाला? लाल पेन चाललं आणि खाली एवढंच उरलं: ‘आपला नम्र, समस्त आप्तपरिवार’. अशी सुटसुटीत पत्रिका जिल्ह्यात निघाली नसेल, असं सरांना वाटलं. दुसऱ्या कोणालाच वाटलं नाही.

पत्रिका मालेगावला उकंडरावांकडे पोचली. हा सपनाचा एकुलता एक मामा. मंगलाष्टकांना नवरीच्या मागे मामा उभा राहतो. उकंडरावांनी बहिणीला फोनवर एवढंच सांगितलं, “मी समस्तात आलो ना? मंग समस्तालेच उभं करा पोरीच्या मांगं.”

मामा नसेल तर मी बोहल्यावर चढणार नाही, असं सपनानं सांगून टाकलं. पोरगी बापासारखीच, बोलली ते एकदाच.

सर एसटीनं मालेगावला गेले. उकंडराव अंगणात फवारणीचा पंप धूत होते. त्यांनी वर पाहिलंच नाही.

“चुकलं माहं,” सर म्हणाले. वाक्य पूर्ण होतं, त्यात घालण्यासारखं काही नव्हतं. पंप धुणं चालूच राहिलं.

“चुकलं माहं, उकंडभाऊ.” मग सर थांबलेच नाहीत. “माहंच चुकलं. लय चुकलं.”

उकंडरावांनी बाज टाकली आणि आत चहा सांगितला.

लग्नात मामा फेटा बांधून भाचीच्या मागे ताठ उभे राहिले. पंगत उठल्यावर सरांना राहवलं नाही. तुम्ही कशानं विरघळलात, असं त्यांनी विचारलंच.

“जवाई,” उकंडराव सुपारी कातरत म्हणाले, “एकदाच म्हनले असते, त मी आलो नसतो.”