बंदकरा मामा आणि चारशेचा आकडा

आमच्या हॉस्पिटलच्या वायरमनला सगळे बंदकरा मामा म्हणतात. खोलीत शिरले की रामराम नाही, खुशाली नाही; थेट, "हा पंखा कुणासाठी चाललाय? भिंतीला उकडतंय का?" मी नवजात बाळांच्या वॉर्डातली नर्स. एकवीस वर्षं त्यांची बोलणी खाल्ली आहेत, त्यामुळे त्यांची चेष्टा करायचा हक्क मला आहे.

गेल्या उन्हाळ्यात सरकारी योजना आली. दुपारी सगळं शहर एकदम वीज ओढतं, तेव्हा हॉस्पिटलांनी आपली ओढ कमी करावी. बारा ते सहा या वेळात महिनाभर मीटरचा आकडा एकदाही चारशे किलोवॅटच्या वर गेला नाही, तर वीज साठवायच्या बॅटऱ्या आणि माझ्या वॉर्डाला नवं थंडाव्याचं यंत्र सरकारी खर्चानं मिळणार. संधी दोनच महिने. आमचं जुनं यंत्र आठवड्यातून एकदा तरी मान टाकायचं, आणि आम्ही पाळणे ढकलत दुसऱ्या मजल्यावर पळायचो. त्या यंत्रासाठी माझा जीव टांगणीला लागला होता.

पहिल्या महिन्यात मामांनी फर्मान काढलं: दुपारी दोनपासून चारपर्यंत मोठी यंत्रं बंद. सगळ्यांनी मुकाट्यानं ऐकलं. इतकं ऐकलं, की ठीक चारच्या ठोक्याला धुलाईची यंत्रं, स्वयंपाकघरातल्या भट्ट्या, उपकरणं उकळायची भांडी, सगळं एकदम सुरू! मीटर पाचशे तीसवर. महिना पाण्यात.

धुलाई विभागाच्या प्रमुख म्हणजे आमच्या मामी, मामांची सख्खी बायको. मामा त्यांच्यावर ओरडले, तर त्या कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "लग्नाला तीस वर्षं झाली. आज पहिल्यांदा तुमचा शब्द पाळला, तर त्याचंही खापर माझ्यावरच?" मामा तिथला रिकामा फिरणारा पंखा बंद न करताच निघून गेले. असा योग मी पुन्हा पाहिलेला नाही.

दुसऱ्या महिन्यात मामांनी प्रत्येक विभागाला वेगळी वेळ वाटून दिली. चादरी पहाटे, भांडी अकराच्या आत. स्वतः जिन्याजिन्यानं फिरून बघायचे. एकोणतीस दिवस आकडा तीनशे नव्वदच्या आत राहिला.

तिसाव्या दिवशी दुपारी योजनेच्या अधिकारी बाई पाहणीला आल्या. आमचे मोठे डॉक्टर पाहुणचारात कमी पडणारे नव्हेत. सभागृहातले चारही एसी सोळा अंशांवर, सगळे दिवे लखलखीत, पडद्यावर चित्रफीत. विषय: विजेची बचत.

मला वॉर्डात चैन पडेना, म्हणून मी मीटरच्या खोलीत गेले. तीनशे चौऱ्याण्णव. तीनशे शहाण्णव. मामांचा मदतनीस वायरमन हळूच म्हणाला, "बाळांच्या वॉर्डाचा थंडावा दहा मिनिटं बंद केला तर?" मामांनी त्याच्याकडे असं पाहिलं, की तो दोन पावलं मागे सरला. मग त्यांनी सभागृहाचा मुख्य खटका खाली ओढला.

पाच मिनिटांत मोठे डॉक्टर लालबुंद होऊन आले, मागून कपाळ पुसत अधिकारी बाई आणि सभागृहातले बाकीचे तिघं.

"कुणी बंद केलं? मेमो देईन तुम्हाला, मेमो!"

"मी केलं, साहेब."

"मॅडम आत बसल्या होत्या! कळत नाही तुम्हाला?"

"कळतं ना." मामांचा आवाज एरवीसारखा चढला नाही. "वॉर्डात सोळा बाळं आहेत. सभागृहात तुम्ही पाच जण, आणि पाचही जण उठून बाहेर येऊ शकता. आलातच की."

मला रडू आवरेना, आणि मी ते आवरलंही नाही. अधिकारी बाई मीटरपाशी गेल्या, डोळे बारीक करून आकडा वाचला, तीनशे सत्तर, आणि वहीत लिहून घेतला. मग मोठ्या डॉक्टरांकडे वळून म्हणाल्या, "उरलेली चित्रफीत राहू द्या. मला तो वॉर्ड दाखवा."