गाड्या हटवल्या तो हंगाम

नगरपालिकेत ओव्हरसियर म्हणून लागलो तेव्हा महाराष्ट्र होऊन चार-पाच वर्षं झाली असतील. बुलढाणा जिल्ह्यातलं, कापसाच्या पेठेचं गाव. नाव लिहीत नाही. त्या बाईचे लोक अजून तिथे राहतात.

पेठेतला मोठा रस्ता तीस फूट रुंद होता. टेप धरून मीच मोजला होता, म्हणून इतक्या वर्षांनीही आकडा तोंडात आहे. दोन्ही बाजूंना दुकानं, दुकानांसमोर उघडी गटारं आणि पार टोकाला कापसातून सरकी काढणारं जिनिंग. दिवाळी झाली की कापसाच्या गाड्या सुरू व्हायच्या. थेट धामणगाव बढ्यापासून लोक यायचे. जिनिंगमध्ये नंबर लागेपर्यंत गाड्या रस्त्याच्या दोन्ही कडांना सोडलेल्या असत, बैल चाकांना बांधलेले, पुढ्यात कडबा. मधून जेमतेम एक ट्रक जाईल एवढी वाट उरायची. रुईच्या गाठी मलकापूर स्टेशनला नेणारे ट्रक त्या वाटेनं हॉर्न वाजवत, माणसाच्या चालीनं सरकायचे. पायी चालणारे लोक गाड्या आणि गटार यांच्या मधल्या फटीतून जात. शेण तुडवावं लागे, कडब्याची ताटं पायात येत. पण सगळं गाव तिथूनच चाले.

तक्रारी सगळ्यांच्या होत्या. दुकानदार म्हणत, गिऱ्हाईक आत येत नाही. ट्रकवाले म्हणत, अर्धा दिवस इथेच जातो. एसटी तर रोज अडकायची. शेवटी मुख्याधिकाऱ्यांनी मला बोलावलं.

"गाड्या काढा तिथून. रस्ता मोकळा दिसला पाहिजे. आठ दिवसांत नकाशा द्या."

मी पंचवीस वर्षांचा होतो आणि डिप्लोमा नवा होता. मन लावून नकाशा काढला. गाड्यांना जिनिंगमागचं मैदान दिलं. ट्रकची जायची वाट निळ्या शाईनं, यायची तांबड्या शाईनं. दोन्ही गटारांपासून हातभर अंतरावर एकेक रेघ, दोन्ही रेघांच्या आत फक्त वाहनं. मुख्याधिकारी म्हणाले, "शाबास." त्या कागदावर चालणारं माणूस कुठेच नव्हतं, हे तेव्हा ना त्यांच्या लक्षात आलं ना माझ्या.

रेघ मारायच्या दिवशी मी स्वतः उभा होतो. मजूर दोरी धरून चुना टाकत होते. तेवढ्यात आमच्या घरी भाजी देणारी माळीणबाई आली. गावाबाहेर नाल्याकाठी तिचा मळा होता. नवरा पिकवायचा आणि ही डोक्यावर टोपली घेऊन घरोघर विकायची. वय चाळिशीच्या पुढे, आवाज असा मोठा की तिसऱ्या गल्लीत कळावं मेथी आली म्हणून. तिनं टोपली उतरवली, गाडीचं एक चाक धरून दम घेतला.

"साहेब, हे काय करून राह्यले?"

"रस्ता मोकळा करतोय. गाड्या आता मागच्या मैदानात."

"बरं झालं. बैलाइच्या शिंगाचं भेव गेलं." मग ती रेघेकडे बघत राहिली. "मंग आमी कुठून चालाव?"

"बाजूनं चाला."

तिनं बाजूला पाहिलं. हातभर जागा, पलीकडे गटार, त्यापलीकडे दुकानांच्या पायऱ्या. पायऱ्यांवर तेलाचे डबे, मिठाची पोती. टोमणा मारायची बाई नव्हती ती. "हाव," एवढंच म्हणाली आणि टोपली उचलायला मला हात लावायला सांगितलं. मी लावला. टोपली जड होती, वर ओल्या सांभाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्या रचलेल्या होत्या.

दुसऱ्या दिवसापासून गाड्या गेल्या. रस्ता एवढा रुंद असेल असं लोकांना वाटलंच नव्हतं. एसटी वेळेवर निघू लागली. नगराध्यक्षांनी मला चहाला बोलावलं. जे ट्रक चालीनं जायचे ते आता धुरळा उडवत जाऊ लागले, कारण अडवायला मधे काही उरलंच नव्हतं. आणि गाड्या गेल्याबरोबर दुकानदारांनी गटारावर फळ्या टाकून माल पुढे आणला. लोखंडवाल्यानं नांगराचे फाळ मांडले, कापडवाल्यापुढे गिऱ्हाइकांच्या सायकली लागल्या, पार रेघेपर्यंत. हे मी पाहिलं होतं. न दिसण्यासारखं नव्हतं ते. हंगाम सरल्यावर बघू, असं मनात म्हटलं आणि पुढे गेलो. लोक मला रस्त्यात नमस्कार करत होते त्या दिवसांत.

दहाव्या दिवशी सकाळी, कचेरी नुकतीच उघडली होती, तेव्हा पेठेतून गलका ऐकू आला. मी धावलो. ट्रक बराच पुढे जाऊन थांबला होता. लोखंडाच्या दुकानासमोर माणसांचं कडं होतं. ती कुशीवर पडली होती. कुणीतरी तिचाच पदर तिच्या तोंडावर ओढला होता. मेथी सगळीकडे. फाळ आणि सायकली चुकवायला ती रेघ ओलांडून एक पाऊल आत आली होती, एवढंच.

हवालदारांनी मला ओळखलं. "बरं झालं आले. टेप आहे ना तुमच्याकडे? रेघेपासून मोजून द्या."

मी मोजलं. सांगितलेलं काम हात करतात, तसं माझ्या हातांनी केलं. रेघेपासून सव्वादोन फूट आत. पंचनाम्यात लिहिलं गेलं: सदर बाई वाहनांसाठी राखलेल्या जागेत चालत होती. मी मारलेली रेघ तिच्याच विरुद्ध साक्षीला उभी राहिली.

तिसऱ्या दिवशी मळ्यात गेलो. तिचा नवरा वांग्यांना पाणी देत होता. मला पाहून त्यानं फावडं ठेवलं आणि बाजेकडे हात केला.

"बसा साहेब."

मी उभाच राहिलो. "माझ्या हातून झालं हे," म्हणालो.

"तुमी काय ट्रक चालवत होते?" त्याच्या आवाजात राग नव्हता. रागावला असता तर मला घरी जाऊन झोप तरी लागली असती. मग त्यानंच विचारलं, "पोलीस म्हनते का ते मधात चालून राह्यली होती. खरं हाये का हे?"

"तिला दुसरी जागाच नव्हती."

"मंग कागदावर तसं लिहा ना," तो म्हणाला. "तुमाले लिहिता येते."

वाफा भरून पाणी बाहेर चाललं होतं. तो पुन्हा फावडं घेऊन वाकला.

मी लिहिलं. रेघ मी आखली, तिच्या बाहेर चालायला जागा ठेवली नव्हती, ती आत आली ती नाइलाजानं, असा जबाब सही करून पोलिसांत दिला. मुख्याधिकारी संतापले. "नोकरी करायची आहे की नाही? तुमच्या या कागदानं आपण सगळे बुडू." कुणी बुडालं नाही. कागद फाईलला लागला आणि तिथेच राहिला. ट्रकवाल्याचं पुढे काय झालं ते मला कळलं नाही.

मग मी दुसरा नकाशा काढला. गाड्या परत आणल्या, पण एकाच बाजूला, आणि गटारापासून पाच फूट सोडून. त्या पाच फुटांतून लोकांनी चालायचं. ट्रक आणि माणूस यांच्या मधे कापसाच्या गाड्यांची भिंत. दुकानदार खवळले, फळ्या मागे घ्याव्या लागल्या म्हणून. ट्रक पुन्हा चालीवर आले. मंजुरीची वाट न बघता मी स्वतः रोज सकाळी तिथे उभा राहून गाड्या लावून घेत होतो. मुख्याधिकाऱ्यांनी अडवलं नाही. त्यांनाही झोप नव्हती असं त्यांचा शिपाई सांगायचा. गाडीवान म्हणायचे, "साहेब येडे झाले वाटते." संक्रांतीपर्यंत बाया-माणसं त्या वाटेनं निवांत जात-येत राहिली. काम बरोबर झालं होतं. मला त्याचं समाधान मात्र मिळालं नाही.

कारण ती दिसू लागली होती. त्या वाटेवर नाही, समोरच्या बाजूला, जिथे गाड्या नव्हत्या. टोपली डोक्यावर, एक पाय जरा पुढे, रस्ता ओलांडायला थांबलेली. आजूबाजूला भर बाजार असायचा. मी हात वर करून ट्रक थांबवायचो. ड्रायव्हर विचारायचा, "काऊन थांबवलं?" मी बघायचो तर तिथे कुणी नसायचं.

पुढच्या वर्षी ती नोकरी सोडली आणि संग्रामपूरकडे रस्त्यांच्या कामावर लागलो. समोर सातपुडा, रस्त्यावर तासातासानं एखादी एसटी. वाटलं, इथे तिला ओलांडायला काही नाही. पण एका सकाळी मी सायकलवरून जात असताना ती मैलाच्या दगडाजवळ उभी होती. रस्ता दोन्हीकडे दूरवर रिकामा, तरी थांबलेली. मी उतरलो. "जा, कुणी येत नाही," असं मोठ्यानं म्हणालो. ती गेली नाही.

बायकोला मी हे बऱ्याच वर्षांनी सांगितलं. ती माळीणबाईकडून रोज भाजी घ्यायची, तिला ती चांगली आठवत होती. बायको घाबरली नाही की तिनं मला वेड्यात काढलं नाही. गहू निवडता निवडता ऐकत राहिली.

"काही बोलते का?"

"नाही."

"रागानं बघते?"

"माझ्याकडे बघतच नाही. रस्त्याकडे बघते."

बायकोनं सूप खाली ठेवलं. "मग तुमच्यासाठी नाही येत ती," म्हणाली. "तिला घरी जायचं असेल."

त्यानंतर मी हात वर करायचं सोडलं. आता ती दिसली की मी सोबतीला तिच्या शेजारी जाऊन उभा राहतो, आणि ती नाहीशी होईपर्यंत मीही रस्ता ओलांडत नाही.