देवाला टेकलेला बॉल

मंडळी, आज डोकं फिरलंय. खालापूरकडच्या गोल्फ कोर्सवर मी कॅडी हाय, साहेबलोकांच्या बॅगा उचलतो.

आज एका साहेबांचा बॉल आमच्या शेतदेवाला टेकला. कोर्स व्हायच्या आधी तिथं आमची भातखाचरं होती. पेरणीआधी बाबा त्याच दगडापुढं नारळ फोडायचे.

"साहेब, देव हाय तो."

"सुटा दगड आहे. नियमात हलवता येतो. धर तिकडून."

नियम खरा हाय. मी धरलं. देव बाजूच्या गवतात ठेवला.

साहेबांनी शॉट मारला, हिरवळीचं ढेकूळ उडालं. लगेच ओरडले, "ते परत जागेवर बसव!"

बसवलं. मग देवाकडं वळलो, तर म्हणाले, "चल, मागून लोक येतायत."

गवत परत जागेवर बसवायचं, आणि देव नाय का रं?